मागच्या सीटवर मास्तर

९ जानेवारी

छोट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुला फोन करायचा म्हणजे आधी तुझी आठ शिलाई मशिनं ऐकायची आणि मग उरलंसुरलं तुला. म्हणून लिहिते आहे. उत्तरही लिहूनच दे.

नवी मोटरसायकल घेतल्याचं तुला कळलंच असेल. लांब पल्ल्याची, चांगली जड आहे. इंजिनाला नाव ठेवायला जागा नाही. पण कंपनीत सीट करायच्या दिवशी सगळे रजेवर असावेत. शंभर किलोमीटर झाले की माझ्या मांड्यांना मुंग्या येतात, दीडशेला माकडहाड ठणकायला लागतं. तीस वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून गोठ्यागोठ्यांतून दुचाकीवरच फिरले, कधी तक्रार केली नाही. आता करते.

माझं एक वेळ चालेल. मागे मास्तर बसतात त्यांचं काय? तुझे भावोजी बस, रेल्वे, मोटार कशातही बसले तरी दुसऱ्या वळणाला पिशवी काढतात. चाळीस वर्षं गणित शिकवलं, पण बंद डब्यात बसायचं गणित त्यांना सुटलं नाही. मोटरसायकलवर मात्र तोंडावर वारा लागला की माणूस खुशीत असतो. लेक चौदाशे किलोमीटरवर. तिला मे महिन्यात बाळ होणार. मास्तरांना तिथे पोचायला माझ्या पाठीमागची ती वीतभर जागा एवढाच रस्ता आहे.

गेला महिनाभर सीटची दुकानं पालथी घालते आहे आणि मला आता या धंद्याचाच वीट आलाय. प्रत्येक दुकानदार आधी विचारतो, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणते, "साहेब मागे बसतात." मग तो हसतो. मग सीटमध्ये अंगठा रुतवून "बघा किती मऊ" म्हणतो. मी काय अंगठ्यावर बसणार आहे? एकाने तर माझ्याकडे मागून नजर टाकून माप सांगितलं. त्याच्या टेबलावर सुई होती म्हणून सांगते, मनात नाही नाही ते आलं.

तू दवाखान्यांच्या गाद्यांत अडकलेला, म्हणून तूच करून दे असं म्हणत नाही. कुठली घ्यावी तेवढं सांग.

तुझी
ताई

२२ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

उशीर झाला. तीन मोठ्या दवाखान्यांच्या गाद्या एकदम आल्यात. जुना फोम काढायचा, नवा घालायचा, वरून रेक्झिन शिवायचं. मान वर करायला फुरसत नाही.

तुझं अंगठ्याचं खरं आहे. अंगठा फळ घेताना लावायचा. मऊ सीट पाच मिनिटं सुख देते, मग फोम दबतो आणि तू खालच्या पत्र्यावर बसतेस. चांगली सीट हाताला थोडी कडकच लागते. बसल्यावर खाली दोन हाडं टेकतात, ती जिथे टेकतात तिथे रुंदी हवी. पुढे, मांड्यांपाशी, अरुंद हवी म्हणजे पाय सरळ जमिनीला लागतात. सीटला पुढे उतार नको, नाहीतर प्रत्येक ब्रेकला भावोजी तुझ्या पाठीवर येतील. शिवण बसायच्या जागेवर नको. आणि दुकानात अर्धा तास बसून बघितल्याशिवाय घेऊ नकोस. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

तुमच्याच शहरात बाजाराच्या मागे एक जेलवाला आहे, सीटमध्ये फोमवर जेलचा थर घालून देतो. दुकानावर कुणा नामांकित प्रवाशाचा मोठा फोटो लावलेला. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलो. त्याचं काम बरं असतं म्हणतात. तिथून घेऊन टाक, माझ्यासाठी थांबू नकोस. दगडापेक्षा वीट मऊ.

भावोजींना नमस्कार.

तुझा
छोट्या

२ मार्च

छोट्या,

वीट मऊ निघाली, पण पुढचं ऐक.

जेलवाल्याची सीट घेतली. अर्धा तास बसले. त्याने दोनदा चहा विचारला, तिसऱ्यांदा दुकान बंद करायची वेळ विचारली, तरी उठले नाही. मास्तर मागे बसून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते. सीट खरंच बरी वाटली. पहिले आठ दिवस तुला मनातल्या मनात शाबासकी दिली.

मग वास यायला लागला. ऊन चढलं की गोडसर, कुबट, जुन्या जखमेच्या पट्टीसारखा. सगळ्यांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. मास्तर म्हणाले, "आज कुणाकडे गेली होतीस? म्हैस अडलेली होती का?" मी दोनदा आंघोळ केली, बूट बाहेर ठेवले, गोठ्यात जायचा कोट जाळून टाकला. वास तिथेच. शेवटी एक दिवस मोटरसायकल धुतली, वाळली असं समजून बसले, तर शिवणीतून काहीतरी वर आलं आणि पँटला पिवळा डाग पडला. मी पोट फुगून मेलेली जनावरं फाडली आहेत. तरी ती पँट मी चिमट्याने उचलून बाहेर टाकली.

तीनशे किलोमीटरची चाचणी करून आलो आणि मास्तरांना माकडहाडाच्या शेजारी गळू झालं. त्यांनी चार दिवस सांगितलं नाही. वर्गात उभं राहायची सवय आहे म्हणून जेवतानाही उभे, हे त्यांचं स्पष्टीकरण.

सीट घेऊन दुकानात गेले. जेलवाला नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाई, सीटला वास नसतो. बसणाऱ्याला असतो." दुकानात चार गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी त्याच्या नामांकित प्रवाशाच्या फोटोखाली उभी होते आणि न भांडता सीट उचलून बाहेर आले. असं माझ्या आयुष्यात दोनतीनदाच झालंय.

सीट पार्सलने तुझ्याकडे पाठवली आहे. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली आहे. फाडून बघ आत काय आहे.

ताई

१३ मार्च

ती. ताईस नमस्कार.

सीट मिळाली. उघडली. आत जुना फोम होता. हा धंदा असाच झालाय, काय बोलणार. मी ती टाकून दिली. तू परत त्या दुकानात जाऊ नकोस, भांडत बसू नकोस.

मी स्वतः नवी करून देतो. तुझी आणि भावोजींची दोन्ही. फुकट. पुढे कधीही लागली तरी फुकट. सगळ्यात उत्तम फोम घालतो.

भावोजींचं गळू कसं आहे? घरी पिळू नका. मोठ्या डॉक्टरला दाखवा. पू तपासायला द्या. उद्याच जा.

छोट्या

२९ मार्च

छोट्या,

मास्तरांचं गळू कापावं लागलं. ताप एकशे चारवर गेला होता. सहा दिवस दवाखान्यात पालथे पडून होते. नर्स पट्टी बदलायची तेव्हा ते उशीत तोंड खुपसून पाढे म्हणायचे. एकोणतीसच्या पाढ्यात एकदा चुकले, तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

पुवाचा अहवाल आला. साध्या औषधांना दाद न देणारा जंतू. डॉक्टरांनी विचारलं, "हे मागे कधी दवाखान्यात भरती होते का?" मी म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा." ते म्हणाले, "असला जंतू आम्हाला वॉर्डात भेटतो. रस्त्यावर सहसा नाही." हा आजार सीटनेच झाला असं कुणी छातीठोक सांगणार नाही, ते मलाही कळतं. पण मी डॉक्टर आहे, जनावरांची असले तरी.

आता तुझं पत्र घे. पाचवीत असताना तू शेजाऱ्यांची काच फोडलीस आणि संध्याकाळी न सांगता माझी सगळी भांडी घासलीस. तू गुन्हा केलास की उदार होतोस. आयुष्यभर सीट फुकट वाचलं तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पू तपासायला द्या, उद्याच जा, हे तू का लिहिलंस? गळू म्हटल्यावर कुठला गादीवाला पू तपासायला सांगतो?

सीटच्या आत काय होतं ते लिही. सगळं लिही.

ताई

८ एप्रिल

ताई,

तीन वेळा लिहून फाडलं. आता जसं झालं तसं लिहितो.

पार्सल मीच उघडलं. वरचं रेक्झिन कापलं. त्याखाली जेलचा पापुद्रा, नखाएवढा जाड. त्याखाली फोमचे तीन थर, डिंकाने चिकटवलेले. मधला थर हिरवट. त्यावर तपकिरी डाग, कडेला काळी बुरशी, एका ठिकाणी पट्टीचा धागा अडकलेला. दाबलं की पाणी सुटत होतं. मी हातमोजे न घालता दाबलं.

मग तो थर उलटा केला. मागच्या बाजूला काळ्या शाईत लिहिलेलं होतं: पुरुष शस्त्रक्रिया, १४. अक्षर माझं.

गाद्या दवाखान्यातून आल्या की आतल्या फोमवर वॉर्ड आणि खाटेचा आकडा मीच लिहितो, खोळी परत बरोबर जाव्यात म्हणून. जुना फोम जाळायचा, असा करार आहे. दवाखान्याच्या भट्टीत नेऊन द्यायचा आणि कागदावर सही करायची. पहिलं वर्ष मी दिला. भट्टी गावाबाहेर, रांग मोठी, अर्धा दिवस मोडायचा. मग एक भंगारवाला म्हणाला, मी नेतो. मी त्याला देत गेलो. कागदावर "जाळला" लिहून सही करत गेलो. चार वर्षं.

तो कुठे नेतो ते मी विचारलं नाही. विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं. आणि ताई, हे लिहायलाच तीन कागद फाटले. गेल्या पावसाळ्यात मी तुमच्या शहरात रेक्झिन घ्यायला आलो होतो तेव्हा भंगारवाल्याचा टेम्पो जेलवाल्याच्या मागच्या अंगणात उभा दिसला होता. मी मान वळवली आणि पुढे गेलो. तुझं पत्र आलं तेव्हा कामाची घाई होती, तोंडात आलं ते दुकान सांगून टाकलं. टेम्पोची आठवण झाली नाही असं म्हणणार नाही. झाली. वाटलं, सगळ्यांत थोडाच घालत असेल.

त्या दिवशी गटाराशी बसून ओकलो. दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्या हातांना वास येतो असं वाटतं. बायकोला सांगितलं तर ती माझं ताट वेगळं ठेवायला लागली.

आता काय करू? सांगायला गेलो तर काम जाईल. मशिनवर अकरा बायका आहेत, त्यांची घरं आहेत. तू सांगशील तसं करतो.

छोट्या

१५ एप्रिल

छोट्या,

मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून चार दिवसांचं कुजलेलं वासरू बाहेर काढलंय आणि हात धुऊन जेवायला बसले आहे. मला कशाची किळस येत नाही असा माझा समज होता. तुझं पत्र वाचून आली. फोमची नाही, तुझी.

पुसायचं, झाकायचं, वरून चकचकीत शिवायचं. तू बायकोपासून लपवलं नाहीस एवढं एक चांगलं. माझ्यापासून लपवलंस आणि वर आजारी माणसाला फुकट सीटची लाच दिलीस. टेम्पो दिसला होता हे वाचून मी पत्र टेबलावर ठेवलं आणि अंगणात जाऊन नळाखाली मान धरली.

पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. तू त्यांना सांगू नकोस असं लिहिलं नव्हतंस, लिहिलं असतंस तरी दाखवलं असतं. ते कुशीवर पडून ऐकत होते. रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "वर्षाला किती गाद्या?" मी म्हटलं, मागे एकदा दोनशेच्या वर म्हणाला होता. त्यांनी पेन्सिल मागितली. चार वर्षं, नऊशे गाद्या. एका गादीत सहा सीट. निम्म्या गाद्या तरी तिकडे गेल्या असं धर. सत्तावीसशे सीट. "आणि प्रत्येकीवर दोघं," ते म्हणाले. मग कागद माझ्याकडे देऊन म्हणाले, "माझं एक गळू कापलं. बाकीच्यांना सांगायला कोण जाणार?"

तू विचारतोस काय करू. चाळिशी उलटलेल्या माणसाने हे बहिणीला विचारावं याचाही मला तिटकारा आला. अकरा बायकांना पुढे करू नकोस. त्या शिवतात, सही तू करतोस.

जा आणि सांग. लेखी सांग. आणि माझ्यासाठी सीट करू नकोस.

ताई

३० एप्रिल

ताई,

सांगितलं.

आधी सगळ्यात मोठ्या दवाखान्याच्या अधीक्षकांकडे गेलो. अर्ज पुढे ठेवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाले, "हे लेखी कशाला देता? तोंडी सांगितलंत, मी ऐकलं. भट्टीच्या वहीवर आमच्याही माणसाच्या सह्या आहेत. झाकली मूठ झाकलेलीच बरी." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "तुम्हाला पुढच्या वर्षीचं काम हवंय ना?" त्यांच्या टेबलावर हात धुवायच्या औषधाची बाटली होती. माझ्याशी बोलता बोलता ते दोनदा हात पुसत होते. मला त्यांची शिसारी आली आणि लगेच लक्षात आलं, महिनाभरापूर्वी मी ह्याच खुर्चीत बसून हेच बोललो असतो.

तिथून उठून आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेलो. त्या बाईंनी सही करून अर्ज घेतला. तीन दिवसांत जेलवाल्याचं गोदाम सील झालं. आत फोमचा छतापर्यंत ढीग होता म्हणे. माझ्यावरही खटला होणार आहे. दवाखान्यांची तिन्ही कामं गेली. आठातली पाच मशिनं बंद आहेत. चार बायका अजून येतात, बाकीच्यांना दुसरीकडे कामाला लावून द्यायला फिरतो आहे. दोघींना मिळालं.

जेलवाल्याच्या सीट आमच्या बाजारातही येत होत्या, म्हणून दुकानावर फळा लावलाय. जेलवाल्याची सीट असेल तर आणा, उघडून बघू, खराब निघाली तर नवा फोम घालून देऊ. पहिल्या आठवड्यात एकतीस आल्या. लोकांसमोरच फाडतो. एकोणीस घाण निघाल्या. माणसं आत बघतात, मग माझ्याकडे बघतात. "तुम्हाला कसं माहीत?" असं विचारतात. मी सांगतो. एक बाई तिच्या मुलाला त्याच सीटवर पुढे बसवून शाळेत सोडायची. ती ऐकून माझ्या दारात थुंकली आणि सीट तिथेच टाकून गेली. मी जागा धुतली नाही. संध्याकाळी एका कामगार बाईने धुतली.

तुझ्याकडे काही मागत नाही. कळवावं म्हणून लिहिलं.

छोट्या

४ मे

प्रिय मेव्हण्या,

तुझी ताई सध्या तुला लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो. मी आता बसू शकतो, खुर्चीत एक तास, मऊ उशीशिवाय.

काल मी बसने चार थांबे जायचा प्रयत्न करून पाहिला. लेकीकडे जायचा दुसरा काही मार्ग निघतो का म्हणून. तिसऱ्या थांब्याला वाहकाने मला खाली उतरवलं, आणि त्याचा शर्ट मी बदलून द्यायला हवा होता. तेव्हा तो मार्ग बंद.

बाळ पुढच्या आठवड्यात होईल. मला जायचं आहे. दुकानातल्या सीटवर मी आता बसणार नाही, कुठल्याही, कितीही फोटो लावलेले असोत. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय बसायचं नाही असं मी ठरवलं आहे, आणि ज्याची सीट आतून पाहता येईल असा मला एकच माणूस माहीत आहे. मागची सीट माझी, म्हणून निवड माझी. तुझ्या ताईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं बूड, तुमचा निर्णय." तिचा आवाज चांगला नव्हता.

अटी: नवा फोम गुंडाळीसकट, न फोडलेला आणायचा. आमच्या अंगणात, माझ्यासमोर कापायचा. हात आमच्या नळावर धुवायचे. ताई घरात असेल, ती बोलेलच असं नाही. जेवण मी वाढेन. ताट वेगळं असणार नाही.

ये.

मास्तर

११ जून

छोट्या,

मास्तर रोज विचारतात, लिहिलंस का. म्हणून लिहिते.

तू दोन दिवस अंगणात काम करत होतास तेव्हा मी खिडकीतून बघत होते. तू मास्तरांना सात वेळा बसवून उठवलंस, त्यांच्या जखमेच्या जागी फोम खोलगट कापलास, शिवण बाजूला नेलीस. माझी सीट करायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी पुढचा भागही केलास आणि मला बस म्हणायची हिंमत केली नाहीस. तू गेल्यावर बसले. तुझ्या अंदाजानेच माप बरोबर आलं होतं.

चौदाशे किलोमीटर पाच दिवसांत केले. मुंग्या नाहीत, ठणका नाही. मास्तर प्रत्येक थांब्यावर सरळ उतरले आणि सरळ चालले. मी मात्र प्रत्येक थांब्यावर सीट काढून उलटी करून बघत होते. आत नवा पांढरा फोम आहे हे मला ठाऊक होतं, त्याला वास नव्हता, तरी बघत होते आणि मग हात धुवत होते. पेट्रोल पंपावरच्या माणसाला वाटलं बाईंचं काहीतरी हरवलंय. ही सवय कधी जाईल ते माहीत नाही. तुझ्या बाबतीतही तेच समज. तुझं नाव निघालं की मी उठून हात धुऊन येते. खोटं लिहून तुला बरं वाटवणार नाही.

नात झाली आहे. काळीसावळी, आवाज खणखणीत. मास्तर तिला मांडीवर घेऊन तासभर हलत नाहीत, बसायला काही त्रास नाही.

काल लेक अंगणात मोटरसायकलपाशी उभी होती. आम्ही तिला यातलं काही सांगितलेलं नाही. बाबांना एवढ्या लांबून इतक्या सुखाने आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. सीटवरून हात फिरवून म्हणाली, "केवढं निगुतीचं काम आहे. कुणी केली गं?"

"एका कारागिराने" असं ओठांवर आलं होतं.

म्हणाले, "तुझ्या मामाने."

ताई